धाकटीचं हसू

पेटीचं झाकण उघडलं की आधी कापराचा वास येतो, मग जुन्या जरीचा, मग वर्षानुवर्षं कापडात मुरलेल्या उदबत्तीच्या धुराचा. आणि या तिन्हींच्या तळाशी, नाक जरा आत घातलं तर, रंगात घालायच्या तारपिनाचा. देवाच्या पेटीत तारपिनाचा वास काय करतो, असं कुणीही विचारू शकलं असतं. चौतीस वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता सांगतो, कारण या भादव्यात ते माझ्या तोंडून एकदा बाहेर पडलंच आहे, आणि बाहेर पडल्यावर जो हलकेपणा आला आहे तो एकट्यानं भोगण्यासारखा नाही.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षरं मी जितकी काढली तितकी एखाद्या मास्तरानंही काढली नसतील. अधारतालच्या पिठाच्या गिरणीपासून सदरच्या मिठाईवाल्यापर्यंत अर्ध्या जबलपुराची नावं माझ्या कुंचल्यातून गेली. शुद्ध, प्रतिष्ठान, सहर्ष, विनम्र, कृतार्थ, असे भारदस्त शब्द मी पुस्तकात नाही, टिनाच्या पत्र्यावर शिकलो, आणि त्यांचा अर्थ कळायच्या आधी त्यांची वळणं शिकलो. लग्नाच्या कमानींवर मी शेकडो वेळा लिहिलं असेल की आपल्या आगमनानं आम्ही कृतार्थ झालो. स्वतःची बायको महिनाभर माहेरी राहून परत आली तेव्हा मात्र ‘आलीस का’ याच्यापुढं माझी मजल गेली नाही. काय म्हणावं अशा माणसाला? दुसऱ्यांचा आनंद फूटफूट उंच अक्षरांत लिहिणारा, आणि स्वतःचा आनंद गिळून वर पाणी पिणारा!

ती बायको म्हणजे सुमन. तिला जाऊन दोन वर्षं होत आली. मी तोंडाचा फटकळ, ती जिभेची गोड. मला गर्दी नको, तिला घरात चार माणसं नसली की जेवण गोड लागत नसे. पण सांगायचं आहे ते तिच्या हसण्याचं. हसायची तेव्हा आधी उजव्या गालाला खळी पडायची, मग डोळे बारीक व्हायचे, आणि आवाज सगळ्यांत शेवटी यायचा. म्हणजे तिचं हसू आधी दिसायचं आणि मग ऐकू यायचं, लांबच्या विजेसारखं. आणि तो आवाज, बाप्पा, मागच्या गल्लीत पोचायचा. मी तिला म्हणायचो, हळू हस, लोक काय म्हणतील. खरं सांगायचं तर त्या आवाजासाठी मी दुकानातून दुपारी घरी जेवायला यायचो; नाहीतर डबा नेणं मला कठीण होतं का? पण हे तिला कधी सांगितलं? छे! तिनं विचारलं, रोज काहून येता उन्हातान्हात, तर मी म्हणायचो, डब्यातली भाजी नासते.

आता महालक्ष्म्यांचं सांगतो. आमच्या विदर्भाकडच्या घरांत भादव्यात तीन दिवस दोघी बहिणी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्याकडे त्यांना मोठी आणि धाकटी असंच म्हणतात, जशा काही सासरहून दमूनभागून माहेरी आलेल्या पोरी. लोखंडी सांगाड्यांना लुगडी नेसवायची, दागिने घालायचे, वर मातीचे मुखवटे बसवायचे. मग सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, ज्वारीची आंबील, आणि डोक्यावर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. लुगडं दरवर्षी नवं, तोंड तेवढं जुनं. आमचे मुखवटे माझ्या आईनं आर्वीहून जबलपुराला येताना मांडीवर ठेवून आणलेले. कच्च्या मातीचे, न भाजलेले, वरून नुसता तेलरंग. घरातच रंगारी असताना बाहेर कोण जाणार? दरवर्षी सणाच्या आधी दोघींचे डोळे, भुवया, कुंकू मीच नव्यानं रेखायचो.

चौतीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं की रंगावर रंग चढून या पोरींच्या चेहऱ्यावर नुसती साल धरली आहे, या खेपेला जुना रंग मुळापासून काढू. सणाला दहा दिवस होते. दोघींना गमछ्यात गुंडाळलं, सायकलच्या दांडीला पिशवी अडकवली आणि दुकानात आलो. आता पाहा, टिनाच्या बोर्डावरचा जुना रंग काढायची आमची रीत एकच: सोड्याचं पाणी. बोर्ड त्यात बुडवायचा, चौकात चहाला जायचं, परत येऊन फडक्यानं पुसलं की पत्रा आरशासारखा. पोरवयापासून हात हेच करत आलेला. त्या हाताला काय ठाऊक की आज त्यात पत्रा नाही, माती आहे? मी धाकटीला अलगद, अगदी भक्तिभावानं, सोड्याच्या बादलीत सोडलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर बादलीत गढूळ पाणी होतं. पाण्यावर रंगाचे पापुद्रे तरंगत होते. एक भुवई ओळखू येत होती, अर्धं कुंकू ओळखू येत होतं. खाली चिखल. देवी नव्हती. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. बादलीत हात घालायची हिंमत होईना. आज ते आठवलं की, खोटं कशाला बोलू, थोडं हसू येतं. लोक मूर्ती विसर्जनाला वाजतगाजत नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेतात. मी सणाच्या दहा दिवस आधी, रंगाच्या बादलीत, कुणाला न सांगता विसर्जन उरकलं, आणि वर चहाही पिऊन आलो!

हसू आता येतं. तेव्हा रडूच आलं, कारण घरी सुमन होती. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्या तीन दिवसांत ती या दोघी बहिणींशी जे बोलायची ते माझ्याशी कधी बोलली नाही; बोलली असती तर मी काय उत्तर दिलं असतं म्हणा. तिला जाऊन सांगू काय, की तुझी धाकटी विरघळली? मी तो चिखल कापडातून गाळला, चार पाण्यांनी धुऊन सोडा काढला आणि तो गोळा घेऊन कुंभाराकडे गेलो. कुंभार सगळं ऐकून म्हणाला, “इसे नहलाने को किसने कहा था, पेंटर बाबू?” पण माणूस भला. त्यानं मोठीच्या तोंडावरून साचा घेतला, त्यात धाकटीची माती दाबली, आणि सात दिवसांत वाळवून दिली. माती तीच, एवढंच मी मनाला सांगत होतो. माती तीच आहे ना, मग देवीही तीच.

नाक झालं, डोळे झाले, कुंकू झालं. ओठांपाशी कुंचला अडला. धाकटीचे ओठ कसे होते? इतकी वर्षं मी ते रंगवले आणि एकदाही नीट पाहिले नव्हते. किती गोष्टी आपण अशाच रोज हाताळतो आणि पाहत मात्र नाही! मी आठवायला गेलो, आणि डोळ्यांपुढं भलतंच तोंड येऊन उभं राहिलं, भाजी नासते म्हटल्यावर हसणारं. मी हाताला अडवलं नाही. ओठांचे कोपरे जरासे वर गेले, आणि उजव्या गालावर मी सावलीचा एक हलका ठिपका दिला. ती खळी मातीत नाही, रंगात आहे. आजही बोट फिरवलं तर लागत नाही. एवढ्या आयुष्यात मी मनापासून काढलेलं चित्र म्हणाल तर तेवढंच. बाकी सगळी दुसऱ्यांची नावं.

सणाच्या आदल्या दिवशी गमछा घरी आणला. सुमननं धाकटीला बाहेर काढलं आणि ती पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, “अहो, पाहून राहिले का? धाकटी हसली.” आणि मी काय म्हणालो? म्हणालो, रंग ओला आहे, हात लावू नको.

सांगायची वेळ तीच होती. एक श्वास घेऊन बोललो असतो तर दोन घटका रडली असती आणि मग मागच्या गल्लीपर्यंत हसली असती. पण तोवर तिनं शेजारणींना हाका मारल्या होत्या. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीतल्या बायका दोन दिवस पाहायला येत होत्या: मोठी तशीच गंभीर, आणि धाकटी हसते आहे. आणि पुढच्या ज्येष्ठात आमचा प्रशांत जन्माला आला. मग काय विचारता? ज्या वर्षी धाकटी हसली, ही गोष्ट आमच्या घराची झाली. तापानं पोरगा फणफणला तरी सुमन म्हणायची, काही होत नाही, ती हसली आहे. टिनाचे बोर्ड जाऊन छापील फ्लेक्स आले, माझं दुकान बसलं, तरी म्हणायची, होईल काहीतरी, ती हसली आहे. आणि होतही गेलं काहीतरी. तिचा धीर त्या ओठांवर टांगलेला होता, आणि ते ओठ मी काढले होते.

मनात लपवलेली चूक कशी असते, तुम्ही कधी पाहिलं आहे का? लोक म्हणतात ती ओझ्यासारखी असते. मला विचाराल तर ती अस्तरासारखी असते. बोर्डाला रंग द्यायच्या आधी जो एक हात मारतात, तो कुणालाच दिसत नाही, पण वरचा सगळा रंग त्यावरच उभा असतो. माझं मुकेपण त्या अस्तरावर उभं होतं. चार चांगले शब्द सुमनला सांगावेसे वाटायचे, अगदी ओठांपर्यंत यायचे; पण पहिला शब्द निघाला की त्याच्या मागून बादलीही निघेल, अशी भीती वाटायची. ती खळी का काढली हे सांगायचं तर धाकटी कशी विरघळली हेही सांगावं लागणार! म्हणजे प्रेम आणि चोरी, दोन्ही एकाच पेटीत. एक काढायला जावं तर दुसरी हाताला लागते.

दरवर्षी मात्र परीक्षा व्हायची. सणाच्या आधी मी डोळे रेखायला बसायचो आणि सुमन समोर दिवा धरून बसायची. दरवर्षी तिचं एकच सांगणं, “ओठाला हात लावू नका. ते तिचं तिनं केलं आहे.” हे म्हणताना ती मुखवट्याकडे पाहायची की माझ्याकडे, हे मी कधी मान वर करून पाहिलं नाही. कुंचला गालापाशी आला की माझा हात जड व्हायचा. तीन केसांचा कुंचला, पण त्या एका क्षणी तो उचलत नसे.

ग्वारीघाटावर पावसाळा सरला की नावाडी आपल्या डोंग्या रंगवून घेतात. त्यांची नावं मी काढायचो. बहुतेकांच्या डोंगीवर नर्मदामैयाचं नाव, कुणाच्या पोरीचं. एका वर्षी एका म्हाताऱ्या नावाड्यानं आपल्या गेलेल्या बायकोचं नाव काढायला लावलं, तेही मोठ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, भैया, लोक विचारतील ही कोण. तो म्हणाला, “पूछने दो. इसीलिए तो लिखवा रहा हूँ.” मी ते नाव काढलं, पिवळ्यावर लाल, आणि घाटाच्या पायरीवर बसून पाहत राहिलो. प्रत्येक खेपेला कुणीतरी यात्रेकरू विचारायचा, आणि तो वल्हं मारता मारता तिच्याबद्दल सांगायचा, या तीरापासून त्या तीरापर्यंत, पाण्यावर, उन्हात, अनोळखी माणसांना. मला त्याचा हेवा वाटला. माझी बायको घरात जिवंत होती, पोळ्या करत होती, आणि मी तिच्याशी मुका. याची गेलेली, आणि हा तिच्याबद्दल दिवसभर बोलतो!

शेवटी सुमन आजारी पडली. वर्षानुवर्षं दमा होता, मग छातीच भरली. हसलं की खोकला यायचा, म्हणून हसणं सुटलं. गाल बसले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, घाबरू नका, धाकटी हसली होती नं आपल्यासाठी, आपल्याला सगळं मिळालं. सांगायची शेवटची वेळ ती होती, मला कळत होतं. माझ्या तोंडून काय निघालं? झोप आता. तिनं ऐकलं बिचारीनं. नंतर घरात तिचं सामान आवरताना मी ते दोन शब्द किती वेळा परत घेतले असतील, सांगता येत नाही. घेता येत नाहीत.

पहिल्या वर्षी तिचं वर्ष झालं नव्हतं, म्हणून पेटी उघडली नाही. या वर्षी उघडली ती ममतानं, माझ्या सुनेनं. ममता सिहोऱ्याची, माहेरची बोली हिंदी. मराठी ती सुमनपाशी चुलीजवळ बसून शिकली, त्यामुळं तिची मराठी सगळी स्वयंपाकाची आणि देवाची. भांडायचं झालं तर तिला हिंदीच लागते. पोरगी गुणाची. सोळा भाज्यांची यादी तिनं सासूच्या तोंडून लिहून ठेवली होती. लुगडी नेसवली, मुखवटे बसवले, आणि माझ्या हातात कुंचला दिला. मी डोळे रेखले. मोठीचा एक डोळा जरा मोठा झाला. ममता म्हणाली, चलेगा बाबा, जागती लग रही हैं.

सगळं झालं आणि ती मोठीसमोर बसली. बसली ती बसलीच. दूध उतू गेलं तरी उठली नाही. मी गॅस बंद करून आलो आणि विचारलं, काय पाहून राहिली? तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात दोघांत काही दोष नाही, वेळ लागतो. पण सुमननं तिला ती गोष्ट सांगितली होती, धाकटी माझ्यासाठी हसली, मोठी तुझ्यासाठी हसेल, मन स्वच्छ असलं की देवी हसते. आणि ही पोरगी दर भादव्यात मोठीच्या ओठांकडे पाहत होती. गेल्या वर्षी पेटी बंद होती, तर तिला वाटलं आपलं एक वर्ष बुडालं. “बाबा, मोठी अजून हसली नाही,” ती म्हणाली, “मेरे ही मन में कुछ खोट होगी.”

पाहा तुम्ही! चौतीस वर्षं जे माझ्या एकट्याच्या पोटात होतं ते आता या पोरीच्या पदरात जाऊन पडलं होतं. सुमनला त्या हसण्यानं धीर दिला, म्हणून मी गप्प राहिलो; निदान मनाला तशी समजूत घातली. पण तेच हसू या पोरीला दोषी ठरवून राहिलं होतं. माझी लाज मोठी की हिचं मन मोठं? असा सवाल समोर आल्यावर शाळा लागत नाही, चौथीही लागत नाही. मी म्हटलं, ममता, तो पाट घे आणि बस. आणि मी सुरुवातीपासून सांगितलं, पिशवी, सायकल, सोडा, चहा, कुंभार, सगळं. खळी कुणाची तेही सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही, धाकटीकडे पाहिलं.

मला वाटलं, ती आता उठेल आणि पेटी बंद करेल. मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, “पूरी घुल गई थी?”

“पूर्ण,” मी म्हटलं. “भुवई तेवढी वर तरंगत होती.”

तिनं तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, तर ती हसत होती, आणि हसता हसता मग खरंच रडायला लागली, आणि मला कळेना की पाणी आणावं की प्रशांतला बोलवावं. जरा शांत झाल्यावर डोळे पुसून तिनं विचारलं, “तो बाबा, मेरा कोई दोष नहीं?” मी म्हटलं, दोष माझ्या बादलीचा. मूल व्हायचं तेव्हा होईल, नाही झालं तरी तू या घरची आहेस, आणि मोठीला मी उद्या सकाळी चार थेंब रंगात हसवून दाखवतो, एवढंच तिचं हसणं आहे. ती म्हणाली, नको, त्यांना गंभीरच राहू द्या, घरात कुणीतरी पाहिजे. मग तिनं दिवा उचलला, धाकटीच्या गालाजवळ नेला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. ती सून होऊन आली तेव्हा सुमनचे गाल बसलेले. ती खळी तिनं कधी पाहिलीच नव्हती. “ये आई हैं,” एवढंच म्हणाली, आणि दिवा जरा जास्तच वेळ तिथं धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. दरवर्षी कुणीतरी नवी बाई विचारतेच, एक हसते आणि एक का नाही. ममतानं मला सकाळीच विचारलं होतं, आता काय सांगू? मी ऐटीत म्हटलं होतं, झालं तसं सांग. म्हणणं सोपं. संध्याकाळी मी व्हरांड्यात खुर्ची टाकून, कान आत लावून बसलो. या सगळ्या सुमनच्या मैत्रिणी. म्हातारा लबाड निघाला, देवीलाही फसवलं आणि बायकोलाही, असं म्हणाल्या तर? आणि म्हणाल्या तर खोटं काय आहे त्यात?

आतून ममताचा आवाज येत होता. अर्धी हिंदी, अर्धी चुलीजवळची मराठी. तिनं बादलीची जागाच बदलली, चहाऐवजी मला विडी ओढायला पाठवलं, कुंभाराला सात दिवसांऐवजी दोन दिवस दिले. मी ऐकत होतो. देवी विरघळली तिथं मला रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली. मग कुणीतरी हुंकारलं, कुणीतरी हसू दाबलं, आणि दाबता दाबता ते असं फुटलं की एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या, म्हाताऱ्या, सुना, सगळ्या. सुमन गेल्यापासून या घरात इतका आवाज झाला नव्हता. फुलोरा हलला म्हणतात. मी पाहिला नाही, पण हलला असेल.

मेश्राम वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. सुमनची तीस वर्षांची मैत्रीण, दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या घरी बुद्धवंदना असते. दर भादव्यात येतात आणि सांगतात, मी हात जोडत नाही, पण पुरणपोळीला पाठ दाखवत नाही. मला त्यांचीच भीती जास्त होती. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि पोळीवर तूप ओतून घेतलं. शेवटी मीच विचारलं, वहिनी, सुमनला ठाऊक होतं का हो? त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “मला काय माहीत? तिनं मला सांगितलं नाही, तुम्ही तिला सांगितलं नाही. मोठी बोलकी जोडी होती तुमची.”

मी हसलो. दुसरं काय करणार? ते मला आता कधीच कळायचं नाही, आणि गंमत अशी की त्यानं काळजात पूर्वीसारखी कळ उठली नाही. ठाऊक असेल तर तिनं बत्तीस वर्षं ती खळी माझ्याकडून आलेली म्हणून जपली. ठाऊक नसेल तर देवीकडून आलेली म्हणून. दोन्हीकडून ती सुखीच होती. दुःख होतं ते माझं, मुकेपणाचं, आणि ते दुःख जिला द्यायचं होतं तिला न देता मी एकट्यानं राखलं, जणू काही मोठी दौलत!

तेवढ्यात आत एका बाईनं विचारलं. कॉलनीत याच वर्षी राहायला आलेली, सुमनला न पाहिलेली. मनात काही वाकडं नसावं, सहजच विचारलं तिनं. म्हणाली, सासूबाई खरंच इतक्या देखण्या होत्या, का पेंटरकाकांनी आपल्या पदरचा रंग चढवला? बाकीच्या कुजबुजल्या. ममता अडखळली. तिला कुठून माहीत असणार बिचारीला?

मी उठलो. हळदीकुंकवाच्या बायकांत पुरुषानं शिरायचं नसतं, म्हणून उंबरठ्याशी थांबलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि शब्द आला.

“चढवला नाही, बाई,” मी म्हटलं. “कमी पडला.”

मागून मेश्राम वहिनींचा आवाज आला, बाप्पा, यांना बोलता येते. येते, वहिनी. जिनं ऐकायला हवं होतं ती गेल्यावर आलं, हे दुःख आहेच. ते मी कुठं नाकारतो? पण मी तिथंच उभा राहिलो, आणि समया लागलेल्या त्या उजेडात, भरल्या घरात, इतक्या बायकांच्या देखत, धाकटीच्या गालाकडे मन भरेपर्यंत पाहून घेतलं. आजवर पाहिलं होतं ते सगळं चोरून.